पडद्यावरचा मिक्सर

ध्वनिमुद्रणाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये जुन्या यंत्रांचेच चित्र दिसते: धातूची पाटी, फिरते नॉब, सरकते फेडर, हलणारा काटा. २००० साली स्वीडनमधून आलेल्या 'रीझन'मध्ये तर रॅकची मागची बाजूही दिसते आणि तिथल्या वायरी माउसने जोडता येतात. ओळखीचे रूप नवशिक्याला आधार देते. मात्र यंत्राच्या प्रत्येक भागाची नक्कल सारखी उपयोगी पडत नाही.

नॉब गोल असतो, कारण त्याच्या आत कार्बनच्या गोलाकार पट्टीवर स्पर्शक फिरून विद्युतरोध बदलतो. त्याचा खरा गुण बोटांना कळतो. उदाहरणार्थ, आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम यवतला असतो. अशा मुक्कामी होणाऱ्या कीर्तनात मिक्सरवरचा साउंडवाला नजर कीर्तनकारावर ठेवतो आणि हाताने चाचपून पखवाजाचा खर्ज कमी करतो. माइक शिटी देऊ लागला की बोटे न बघता योग्य नॉबवर जातात. टॅबलेटच्या सपाट काचेवर हे जमत नाही, प्रत्येक वेळी मान खाली घालावी लागते. शिवाय नॉबच्या चित्रावर बोट गोल फिरवायचे की वर-खाली ओढायचे, हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळे. फेडरचे तसे नाही. त्याची हालचाल सरळ रेषेतली असल्याने ती काचेवरही टिकते आणि सगळ्या माइकची पातळी एका नजरेत दिसते.

काट्याची गोष्ट अधिक बोधक आहे. अमेरिकेत १९३९च्या सुमारास ठरलेल्या, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या व्हीयू मीटरच्या काट्याला पातळी गाठायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. या संथपणामुळेच तो कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराच्या जवळचे माप देतो. पण टाळाचा ठोका त्याहून कितीतरी क्षणिक. काटा वर पोचण्याआधीच डिजिटल मुद्रण फाटलेले असते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये काट्याची संथ चालही हवी आणि क्षणिक शिखर दाखवणारी पट्टीही.

तानपुऱ्याच्या ॲपमध्ये खुंट्या पिळाव्या लागत नाहीत; काळी एक, पांढरी चार अशी पट्टी निवडली की झाले. ही नावे पेटीच्या पट्ट्यांवरून आलेली, गायकांच्या तोंडी असलेली, म्हणून ती ठेवणे योग्यच. भोपळ्याच्या सुबक चित्राने मात्र सूर सुधारत नाही. मेहनत घ्यायची ती तारांखालच्या घोडीच्या जवारीतून उमटणाऱ्या उपस्वरांच्या नकलेवर.

नकलेचा आणखी एक तोटा असा की चित्ररूप नॉब अंध वादकाच्या स्क्रीन रीडरला अनेकदा वाचताच येत नाहीत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी निदान प्रत्येक नॉबचे नाव आणि आकडा अक्षरांत द्यायलाच हवा.