रेडिएटरमध्ये पाणी कुठवर असावं?

जुनी फियाट बाळगणाऱ्यांत दोन जाती आढळतात. एकांना रेडिएटरची आठवण होते ती गाडीनं घाटात वाफ सोडल्यावर. दुसरे रोज सकाळी झाकण उघडून पार गळ्यापर्यंत पाणी भरतात आणि संध्याकाळी ते ‘कमी झालं’ म्हणून हळहळतात. खरं तर या दुसऱ्यांच्या गाडीत बहुतेकदा काहीच बिघडलेलं नसतं. पाणी तापलं की फुगतं, त्याला जागा लागते. जागा ठेवली नाही तर जादा पाणी तोंडाजवळच्या बारीक नळीतून रस्त्यावर जातं. गाडी फक्त तिला हवी ती पातळी गाठते.

ही पातळी पाहायची ती सकाळी, सपाट जागेवर, इंजिन सुरू करण्याआधी. झाकण दाबून फिरवा आणि बॅटरीच्या उजेडात आत बघा. वरच्या टाकीच्या तळाशी कोअरच्या नळ्यांची तोंडं रांगेनं दिसतील. ती पाण्याखाली बुडालेली असावीत आणि पाणी भरायच्या तोंडापासून साधारण इंचभर खाली असावं. नळ्यांची तोंडं उघडी पडली असतील तरच भरायचं.

मात्र कित्येक पद्मिनींना, म्हणजे इथेच बनलेल्या फियाटना, नंतर प्लॅस्टिकची बाटली बसवलेली असते. तिथे हिशेब बदलतो: रेडिएटर काठोकाठ भरलेला हवा आणि पातळी बाटलीवरच्या खुणेशी पाहायची. गरम झाल्यावर बाटलीत गेलेलं पाणी इंजिन निवताना परत ओढलं जातं, पण त्यासाठी झाकणात उलट दिशेनं उघडणारी छोटी झडप असावी लागते. जुनंच झाकण ठेवून नुसती बाटली लटकवली, तर ती शोभेचीच.

झाकणाचं खरं काम आतला दाब धरून ठेवण्याचं. समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांवर उकळतं, खंडाळ्याच्या उंचीवर साधारण 98 अंशांवर. म्हणजे खोपोलीहून वर चढताना इंजिन सर्वांत जास्त राबत असतं, आणि नेमकं तेव्हाच पाणी लवकर उकळायला टेकतं. सात पौंडांचं झाकण ठीक असेल, तर उकळबिंदू सुमारे 111 अंशांपर्यंत जातो. झाकणाचं रबर कडक झालं की ही सगळी सवलत संपते. म्हणून वाफेची तक्रार आली की आधी झाकण बदलून बघावं, स्वस्तात भागतं. पण आजच्या गाडीचं तेरा-पंधरा पौंडांचं झाकण जुन्या पितळी रेडिएटरवर चढवू नये, डाख सुटतात.

गाडी गरम असताना झाकणाला हात लावू नये. वरचा होज पाइप दाबून बघा: तो टणक लागला तर आत दाब आहे, अर्धा तास थांबा. रिकाम्या, तापलेल्या इंजिनात थंड पाणी तर मुळीच ओतू नये. पद्मिनीचा ब्लॉक लोखंडी आणि हेड अॅल्युमिनियमचं. अचानक गार पाणी लागलं की हेड वाकतं किंवा तडकतं.

पंपाचं इंजिन थोडी कमी पातळी सोसतं. त्याआधीच्या काही गाड्यांना तेही परवडत नसे. फोर्ड मॉडेल टी घ्या: अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर तिला पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरतं, एवढ्यावर सगळं चाले. पाणी वरच्या पाइपाच्या तोंडाखाली गेलं की हे चक्रच तुटतं. अशा गाड्यांच्या झाकणावर बसवलेला बॉइस मोटोमीटर पाण्यावरच्या वाफेचं तापमान दाखवी. तशी गाडी कुणाकडे असेल, तर त्यानं पातळीबाबत काटेकोरच राहावं.

आता पातळी खरोखरच उतरत असेल तर? भरत बसण्याआधी पाणी जातं कुठे ते शोधा. सुकलेल्या गळतीचा पांढरट किंवा हिरवट ओघळ होजच्या क्लिपपाशी दिसतो, नाहीतर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी. तिथून थेंब आला की पंपाचं सील गेलं. बाहेर कुठेच ओल नसेल तर इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वरच्या टाकीतलं पाणी जवळजवळ स्थिर असतं, मग एकदम वाहू लागतं. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. पण बुडबुडे थांबतच नसतील, शिवाय डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केट उडालं समजा. गाडी बंद करून मिस्त्रीला बोलवा. आणि मिस्त्री ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकटच नको’ म्हणाला, तर नको म्हणा. इंजिन नीट तापलंच नाही तर पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही लवकर.

भरायचं काय? बोअरचं पाणी नको. त्यातला क्षार नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाण्यात साधारण एक तृतीयांश कूलंट आपल्या हवेत पुरतं, कारण इथे गोठण्याची भीती नाही. हवं असतं ते गंजरोधक. कूलंटमधलं ग्लायकॉल वाढवत गेलं की मिश्रण उष्णता कमी वाहून नेतं, तेव्हा ‘जास्त घातलं तर जास्त गार’ हा गैरसमज. लोखंड, अॅल्युमिनियम, तांबं आणि शिशाचा डाख एकाच पाण्यात असल्यामुळे जुन्या पद्धतीचं, सिलिकेट असलेलं कूलंट घ्यावं. नव्या सेंद्रिय आम्लांच्या कूलंटपैकी काही डाखाला मानवत नाहीत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमधला गंजरोधक दोनेक वर्षांत संपतो, मग रंग हिरवा दिसला तरी उपयोग नाही.

बदलताना खालचा ड्रेन कॉक उघडा, ब्लॉकलाही असेल तर तोही. निघालेलं पाणी तांबूस असलं तर साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा. चिखल येतच राहिला तर रेडिएटर उतरवून दुकानात रॉड मारून घ्यावा लागतो. नवं मिश्रण हळूहळू ओता. गाडी एकदा पूर्ण तापवून निवू द्या आणि दुसऱ्या सकाळी पातळी पाहा. हवा निघून गेल्यामुळे ती थोडी उतरलेली असेल. काढलेलं कूलंट मात्र गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोडसर लागतं, कुत्रीमांजरी चाटतात, आणि इथिलीन ग्लायकॉलनं त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. बुचाच्या डब्यात भरून, वर ‘विष’ असं लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात विचारून बघा.