चौकट : जुनं नगर जपताना

संग्रहालय : अहमदनगर ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्र १९६० पासून शहरात आहे. गणेशमूर्ती, नाणी, शस्त्रं, हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रं इथे पाहायला मिळतात.

चांदबीबीचा महाल : नाव चांदबीबीचं असलं, तरी शाह डोंगरावरची ही अष्टकोनी, तीन मजली वास्तू म्हणजे निजामशाहीतला मुत्सद्दी सलाबतखान याची कबर. १५८३ मध्ये पूर्ण झालेल्या फराहबाग महालाच्या कामाशीही त्याचंच नाव जोडलेलं आहे.

डागडुजी चुन्यानेच : जुन्या भिंतींना सिमेंट मानवत नाही. ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून विरवलेला चुना, वाळू आणि विटांची सुरखी चुन्याच्या घाणीत मळून घेतात. पारंपरिक पद्धतीत त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर किंवा हिरडाही पडतो. दगडांमधले सांधे भरल्यावर गोणपाट टाकून काही दिवस पाणी मारावं लागतं. घाई केली तर चुना तडकतो.

नियम : केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकामाला परवानगी घ्यावी लागते.

तारखा लक्षात ठेवा : १८ एप्रिल, जागतिक वारसा दिन. २८ मे, शहराचा स्थापना दिन (१४९०). १९ ते २५ नोव्हेंबर, जागतिक वारसा सप्ताह.

जाण्याआधी : भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. पंडित नेहरूंनी १९४२ नंतरच्या बंदिवासात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं. प्रवेशासाठी ओळखपत्र जवळ ठेवा.