विश्लेषण : रविवारची संध्याकाळ इतकी जड का जाते?

तुळजापूरहून सोलापूरकडे निघाले की वाटेत तामलवाडीचा टोलनाका लागतो. देवीचे दर्शन उरकून किंवा गावाकडचे दोन दिवस संपवून सोलापूर-पुण्याकडे परतणाऱ्यांची रविवारची संध्याकाळ याच रस्त्यावर सरते. डिकीत ज्वारीचे पीठ आणि शेंगाचटणी असते, डोक्यात मात्र सोमवारची सकाळ सुरू झालेली असते. घरी बसलेल्यांचेही फार वेगळे नसते. सुट्टीचे चार-पाच तास हातात असतानाच ती संपल्यासारखी का वाटते? आणि त्यावर उपाय काय?

नेमके काय होते?

दुपारचे जेवण होईपर्यंत सगळे ठीक असते. ऊन उतरू लागले की पोटात गोळा येतो, कारण नसताना चिडचिड होते, हात वारंवार मोबाइलकडे जातो आणि ऑफिसचा ग्रुप उघडला जातो. रात्री अंथरुणावर पडले तरी झोप येत नाही. इंग्रजीत याला ‘संडे स्केरीज’ असे नाव पडले आहे. हा वैद्यकीय आजार नाही. सुट्टी संपण्याच्या वेळी वाटणाऱ्या चिंतेचे ते चालू नाव आहे.

हा प्रकार मोबाइलमुळे जन्माला आलेला नाही. हंगेरीचे मनोविश्लेषक शांडोर फेरेन्झी यांनी १९१९ मध्येच ‘रविवारच्या मनोविकारां’वर निबंध लिहिला होता. आठवडाभर ठणठणीत असणाऱ्या काही रुग्णांना नेमके सुट्टीच्या दिवशी डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी आणि अस्वस्थता जाणवते, असे त्यांचे निरीक्षण होते.

मेंदू सोमवार आधीच का जगतो?

संकट येण्याआधी त्याचा अंदाज बांधणे हे मेंदूचे कामच आहे. अडचण अशी की, अंदाज बांधतानाही शरीर तयारीला लागते. धडधड वाढते, स्नायू ताठतात. सोमवारची बैठक प्रत्यक्षात अर्ध्या तासाची असली तरी रविवारी ती पाच तास चालते.

त्यात भर पडते ती अर्धवट कामांची. पुरे झालेल्या कामापेक्षा अपुरे राहिलेले काम मनात अधिक घोळत राहते, असे मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले. पुढे २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांना आढळले की, मन शांत होण्यासाठी काम संपवावेच लागते असे नाही. ते कधी आणि कसे करायचे हे ठरले तरी त्याचा ससेमिरा कमी होतो. म्हणजे रविवारची भीती बरेचदा कामाची कमी आणि ते नेमके काय आहे हे न ठरल्याची जास्त असते.

तिसरे कारण झोपेचे. शनिवारी जागरण, रविवारी उशिरा उठणे, मटणाच्या जेवणानंतर दोन-तीन तासांची झोप आणि सहा वाजता कडक चहा. मग रात्री दहाला झोप कशी येणार? शरीराचे घड्याळ दोन दिवसांत पुढे सरकते. चहा-कॉफीतले निम्मे कॅफिन सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असते. झोप येत नाही, म्हणून विचार वाढतात. विचार वाढतात, म्हणून झोप येत नाही.

रविवार आपल्याला मिळाला कसा?

ही सुट्टी फुकट मिळालेली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. आठवड्याची सुट्टी ही तिची एक प्रमुख मागणी होती. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मंजूर झाली. हा दिवस विश्रांतीबरोबरच समाजाच्या कामासाठीही हवा, अशी लोखंडे यांची भूमिका सांगितली जाते. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यामागे सांगितले जाते. तामलवाडीच्या तुळजापूर तालुक्यातच अणदूर आणि नळदुर्ग ही खंडोबाची ठाणी आहेत. थोडक्यात, हा दिवस सोमवारच्या तयारीसाठी मागितलेला नव्हता.

ज्यांना रविवारच नसतो, त्यांचे काय?

राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. पोलीस, रुग्णालये, शाळा त्यातून वगळल्या गेल्या. टोलनाक्यावरचे कर्मचारी, एसटीचे चालक-वाहक, परिचारिका यांची सुट्टी पाळीप्रमाणे फिरते. त्यांची ‘रविवारची संध्याकाळ’ मंगळवारी किंवा गुरुवारीही येऊ शकते. वार बदलला तरी अस्वस्थता तीच असते.

घरातल्या बाईचा सोमवार तर रविवारी दुपारीच सुरू होतो. भाज्या निवडणे, इडलीचे पीठ वाटणे, गणवेशाला इस्त्री, डब्यांचा विचार. मुलांचेही लक्षण ओळखायला हवे. वसतिगृहात परतायच्या दिवशी गप्प होणारा किंवा रविवारी रात्रीच पोट दुखणारा मुलगा दर वेळी नाटक करत नसतो.

काय करता येईल?

- आठवडा बंद करून निघा. कामाच्या शेवटच्या दिवशी दहा मिनिटे काढून राहिलेली कामे लिहा. ‘बिलांचे प्रकरण’ असे मोघम नको. ‘सोमवारी ११ वाजता लेखा विभागाला फोन, तीन बिलांची चौकशी’ असे लिहा.
- झोपण्यापूर्वी पाच मिनिटे कागदावर. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या २०१८ मधील प्रयोगात, पुढची कामे लिहून झोपणाऱ्यांना झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटे आधी झोप लागली. प्रयोग अवघ्या ५७ तरुणांवरचा होता. पण करून पाहायला खर्च काहीच नाही.
- उठण्याची वेळ फार हलवू नका. रोजच्यापेक्षा तासाभराहून उशीर नको. दुपारची झोप अर्ध्या तासाची ठेवा, शेवटचा चहा चारच्या आत घ्या.
- संध्याकाळ रिकामी सोडू नका. फेरफटका, नातलगांकडे जाणे, मुलांसोबत खेळ असे काही तरी ठरवून ठेवा. ऑफिसचा ग्रुप म्यूट करा.
- सोमवारची तयारी वाटून घ्या. डबे, गणवेश, भाजी यांतले एक-एक काम घरातल्या प्रत्येकाच्या नावावर असावे.
- परतीचा प्रवास शक्य तर दुपारी करा. रात्रभर गाडीत बसून पहाटे उतरायचे आणि तसेच कामावर जायचे, यात सोमवार आधीच हरलेला असतो.

सारी जबाबदारी कर्मचाऱ्याचीच का?

नाही. ‘उद्या सकाळी येऊन भेटा’ एवढाच संदेश रविवारी पाठवणारा वरिष्ठ समोरच्याची रात्र खराब करतो. कारण सांगणारे चार शब्द पुरेसे असतात. संदेश सोमवारी पाठवला तर आणखी उत्तम. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काची तरतूद २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत अशा हक्काचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

मदत कधी घ्यावी?

सोमवारी दुपारपर्यंत मन ताळ्यावर येत असेल, तर वरचे उपाय बहुधा पुरतात. पण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळपास रोजच उदास किंवा बेचैन वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते.

आणखी एक साधी चाचणी आहे. सलग चार रविवारी नेमकी कशाची धास्ती वाटते, ते एका ओळीत लिहून ठेवा. चारही ओळी वेगवेगळ्या निघाल्या, तर प्रश्न सवयींचा आणि नियोजनाचा आहे. चारही ठिकाणी तोच माणूस, तीच वागणूक किंवा तेच काम आले, तर रविवार कितीही नीट आखला तरी तो सुटणार नाही. तो कामाच्या दिवशी, योग्य व्यक्तीसमोर मांडावा लागेल. आणि तिथे कोणी ऐकत नसेल, तर दुसरी नोकरी शोधणे हाही त्याच प्रश्नावरचा उपाय असतो.