सदाफुली

करवीर कुलातील ही काटक, बहुवर्षायू, शोभिवंत वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस आहे. लिनीअस यांनी १७५९ मध्ये दिलेल्या ‘व्हिंका रोझिया’ या नावातील ‘व्हिंका’ रोपवाटिकांत अद्याप रूढ आहे. मूलस्थान मादागास्कर, तेथून ती उष्ण कटिबंधात सर्वत्र पसरली. भारतात ती बागेबाहेर, पडीक जमिनीत व समुद्रकाठच्या वाळूतही आपोआप वाढते. उंची सु. ३०–१०० सेंमी.; पाने साधी, समोरासमोर, लंबगोल व चकचकीत; फुले पाच पाकळ्यांची, जांभळट गुलाबी किंवा पांढरी. ती वर्षभर येतात, यावरूनच मराठी नाव पडले आहे.

लागवडीस भरपूर ऊन व पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन लागते. सावलीत खोड लांबते व फुले कमी येतात. अभिवृद्धी बियांनी किंवा छाट कलमांनी करतात. बिया अंधारात चांगल्या रुजत असल्याने त्यांवर मातीचा पातळ थर द्यावा. रोपे २५–३० सेंमी. अंतरावर लावून शेंडे खुडल्यास झाड भरगच्च होते. खताचा, विशेषतः नायट्रोजनाचा, अतिरेक केल्यास पानेच माजतात.

बागेतील सदाफुली बहुधा पाण्याच्या टंचाईने नव्हे, तर मुबलकतेने मरते. सतत ओल्या मातीत फायटोफ्थोरामुळे मुळे व खोडाचा तळ कुजून फांद्या माना टाकतात. असे झाड तहानलेले समजून त्यास पुन्हा पाणी घातले जाते व उरलेली मुळेही जातात. म्हणून वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंड्या वळचणीखालून हलवाव्यात. पाने बारीक व फुले हिरवी होऊ लागल्यास तो तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग समजून झाड उपटून जाळावे. दोन-तीन वर्षांनी खोड जून झाल्यावर छाटणी करावी किंवा नवी रोपे लावावीत.

मधुमेहावरील लोकौषध म्हणून तिची ख्याती जुनी आहे. कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनी पानांच्या अर्काची उंदरांवर चाचणी घेतली, तेव्हा साखर उतरली नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या संशोधनातून व्हिंब्लास्टीन हाती आले. ते व नंतर मिळालेले व्हिंक्रिस्टीन ही अल्कलॉइडे रक्ताच्या व लसीका ग्रंथींच्या कर्करोगांवर वापरतात. ती पानांत अत्यल्प असली, तरी वनस्पती विषारी आहे. पाने चघळण्याचा घरगुती उपाय धोक्याचा होय. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, त्यामुळे कुंपण नसलेल्या आवारातही ती टिकते.