कोणती डिस्क, ते आधी सांगा!

एका संगणकाला चार डिस्क जोडल्या आहेत असे समजू. चारही एकाच घडणीच्या, दिसायला जुळ्या बहिणी. माहिती त्यांवर अशा हिशेबाने वाटलेली असते की एक निकामी झाली तरी उरलेल्या तीन डिस्कवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करता येतो. या मांडणीला ‘रेड-५’ म्हणतात. आता एक डिस्क बिघडली, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाने घाईत चांगलीच डिस्क उपसली! दोन डिस्कवरून काही उभे राहत नाही. सारा कारभार तिथेच थांबला.

मग त्या माणसाने ओळखायचे कशावरून? कर्नलच्या नोंदींवरून. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आपण ‘लिनक्स’चे उदाहरण घेऊ. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ते प्रथम प्रसिद्ध केले. या कर्नलमध्ये प्रत्येक यंत्राशी त्याच्या भाषेत बोलणारा एक दुभाष्या असतो, तो ड्रायव्हर. (मोटार हाकणारा नव्हे, बरं का!) डिस्कने ‘मला वाचता येत नाही’ असे कळवले, की ते टिपून ठेवण्याचे काम त्याचे.

पण नुसतेच ‘वाचता आले नाही’ असे लिहिले तर काय उपयोग? बंबवाल्यांना ‘आग लागली’ एवढेच सांगून फोन खाली ठेवण्यासारखे ते झाले. म्हणून प्रत्येक ओळीच्या आरंभी यंत्राचा पत्ता आपोआप चिकटवणारी वेगळी साधने कर्नलमध्ये आहेत. डिस्कच्या ओळीत ‘एसडी २:०:०:०: [एसडीए]’ असे काहीसे दिसते. चार आकडे म्हणजे जोडणीचे कार्ड, त्यावरचा मार्ग, त्या मार्गावरचे यंत्र आणि यंत्रातला विभाग. पुढे तक्रार: ‘मीडियम एरर’ असेल तर दुखणे बहुधा डिस्कच्या अंगातच आहे. नुसताच उत्तराला उशीर झाल्याची नोंद असेल, तर आधी केबल तपासावी. डिस्क फेकायची घाई नको.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘एसडीए’ हे नाव डिस्क सापडण्याच्या क्रमाने मिळते. संगणक पुन्हा सुरू केला की ते दुसरीला जाऊ शकते! म्हणून डिस्कच्या अंगावर छापलेला अनुक्रमांक ताडून पाहावा, आणि मगच हात घालावा.

आणखी एक खोड होती. संगणकात अनेक प्रोसेसर एकदम काम करतात. ड्रायव्हर ओळ तुकड्यातुकड्यांनी लिहू लागला, तर मध्येच दुसऱ्या डिस्कची तक्रार घुसे, आणि एकीचा पत्ता दुसरीच्या दुखण्याला लागे. त्यावर उपाय साधाच निघाला: आख्खी ओळ आधी बाजूला जुळवायची, मग एकदम लिहायची.

मरणासन्न डिस्क बडबडतेही फार. तिला आवर घालण्याची सोय आहे. नेहमीचा हिशेब ५ सेकंदांत १० संदेशांचा. जास्तीचे गाळले जातात, पण किती गाळले ते लिहिले जाते. हे बरे केले आहे, कारण कर्नलची वही स्मरणात गोलाकार असते. जागा संपली की नवी ओळ सर्वांत जुन्या ओळीवर बसते, आणि पहिली, सर्वांत मोलाची तक्रार पुसून जाते.

ती वाचवायला नोंदी डिस्कवर उतरवतात खऱ्या. पण बिघडलेली डिस्क तीच असली तर? म्हणून जाणते लोक त्या नोंदी त्याच क्षणी दुसऱ्या संगणकाकडे धाडतात.