पाळी जाताना सोयाबीनचा आधार किती?

"पाळी जायच्या दिवसांत सोयाबीन खाल्लं की गरम वाफा थांबतात म्हणे. खरं का हो?" हळदीकुंकवाला, एसटीत, कुठेही मला हा प्रश्न हमखास येतो. आमच्या लातूरकडे शेताशेतांत सोयाबीन दिसतं, पण ते जातं तेलाच्या गिरणीत. ताटात क्वचितच येतं. आणि तेलात हा गुण जवळजवळ उतरत नाही, हेही आधीच सांगून टाकते.

मैत्रिणींनो, शेवटच्या पाळीनंतर सलग १२ महिने पाळी आली नाही, की डॉक्टर त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. या काळात इस्ट्रोजेन कमी होतं. मग अंगातून वाफा, घाम, झोपमोड, चिडचिड. सोयाबीनमधल्या आयसोफ्लेवोनची रचना इस्ट्रोजेनसारखी असते, ताकद मात्र फारच कमी. आंबवताना जंतू त्याला चिकटलेली साखर सोडवतात, म्हणून ते अंगी लागायला सोपं जातं. जपानचे मिसो आणि नात्तो, इंडोनेशियाचं टेंपे हे असेच पदार्थ. आपल्या देशातही सिक्कीमचं किनेमा, मणिपूरचं हवाइजार, नागालँडचं अखुनी आहेच की!

पुढचं काम आपल्या आतड्यातले जंतू करतात. ते आयसोफ्लेवोनपासून इक्वॉल नावाचा जास्त प्रभावी पदार्थ बनवतात. पण हे जंतू सगळ्यांच्याच पोटात नसतात. जावेला गुण आला आणि आपल्याला नाही, याचं हे एक कारण असू शकतं.

गुण येतो तरी किती? २०१२ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. आयसोफ्लेवोनच्या गोळ्यांनी वाफांची संख्या बिनऔषधी गोळीपेक्षा साधारण २० टक्क्यांनी जास्त घटली. पण २०२३ साली उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्ती तज्ज्ञांच्या संस्थेने वाफांवरचा उपचार म्हणून सोयाची शिफारस केली नाही. तेव्हा महागडे डबे आणि कॅप्सूल घेण्याआधी पर्स जरा घट्ट धरा.

आहार म्हणून मात्र सोयाबीन चांगलंच; प्रथिनं भरपूर. इडलीच्या पिठात थोडी उडीद डाळ कमी करून तेवढं भिजवलेलं सोयाबीन वाटून घाला. कच्चं खाऊ नका, नीट शिजू द्या. किनेमा-टेंपेसारखे प्रकार अंदाजाने घरी आंबवायला जाऊ नका. त्याला योग्य विरजण आणि स्वच्छता लागते.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवा. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी "या वयात असं व्हायचंच" म्हणून लपवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. वाफांनी रात्र रात्र झोप लागत नसेल, तरीही सांगा. त्यावर औषधं आहेत, नुसतं सोसायचं कशाला?