बिनदोरीचा फोन, कानावरचा हेडसेट आणि ‘सात की साठ’चा घोळ

कापडाच्या धंद्यात भाव तोंडाने ठरतो आणि माल हाताने मोजला जातो. ही दोन्ही कामे बहुधा एकाच वेळी चालू असतात. गिऱ्हाईक समोर उभे असते, ताका उलगडलेला असतो, कात्री हातात असते, आणि नेमका तेव्हाच मालेगावचा किंवा सुरतेचा फोन वाजतो. मग मान वाकडी करून रिसीव्हर खांद्यात धरायचा, एका हाताने कापड दाबायचे आणि दुसऱ्या हाताने ऑर्डर लिहायची, ही कसरत आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडली आहे.

आमच्या एरंडोलात, तसेच धरणगाव, पारोळा, अमळनेर या गावांतही, खाली दुकान आणि वर घर अशी राहणी जुनी आहे. कित्येकांची पेढी तर घराच्या बैठकीतच असते. शिवणकाम आणि भरतकाम करणाऱ्या आपल्या भगिनी घरूनच ऑर्डरी घेतात. अशा ठिकाणी बिनदोरीचा, म्हणजे कॉर्डलेस फोन आणि त्याला जोडलेला बिनतारी हेडसेट ही चैन नव्हे, कामाची वस्तू आहे. मात्र दुकानात जाऊन दिसेल तो संच उचलला तर पैसे पाण्यात जाण्याचा संभव असतो. म्हणून व्यापारी बंधूंनी कोणत्या गोष्टी पारखून घ्याव्यात, ते आम्ही येथे मांडत आहोत.

खरा प्रश्न ऐकू येण्याचा

एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते. खान्देशातील वह्या-चोपड्यांच्या त्या काळात सौदा कागदावर उतरला की पक्का होत असे. आज सौदा कानात होतो, आणि कानाची चूक फार महाग पडते. ‘सात’ आणि ‘साठ’ हे दोन शब्द फोनवर ऐकून पाहा. मराठीत बोला, उर्दूत बोला, घोळ तोच. उर्दूतले ‘उन्यासी’ आणि ‘नवासी’, म्हणजे ७९ आणि ८९, हेही तसेच फसवे आहेत.

समजा, ४०० रुपये भावाच्या ७ साड्या सांगितल्या आणि समोरच्याने ६० ऐकल्या. ५३ नग जास्तीचे आले, म्हणजे २१,२०० रुपयांचा माल नको असताना दारात उतरला. वर जाण्यायेण्याचे भाडे आणि पार्टीशी झालेली कटुता वेगळीच. एवढ्या रकमेत चांगल्यातला चांगला संच येतो.

हा घोळ का होतो, तेही समजून घ्यावे. साध्या टेलिफोन लाइनवर आवाजाचा सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘त’ आणि ‘ठ’ यांच्यातील फरक दाखवणारा बारीक आवाजाचा बराचसा भाग त्याच्या वर असतो, तो कापला जातो. त्यात बाजाराचा गलका मिसळला की उरलासुरला फरकही पुसला जातो. म्हणून फोन निवडताना त्याचा रंग, चकाकी आणि घंटीच्या वीस धून पाहण्यापेक्षा अंक स्वच्छ ऐकू येतात का आणि ते लिहायला हात मोकळा राहतो का, या दोनच गोष्टी मुख्य मानाव्यात. बाकी सर्व त्यानंतर.

आधी लाइन कोणती ते पाहा

ज्यांच्याकडे अजून तांब्याच्या तारेची लाइन आहे त्यांना एक फायदा आहे. त्या तारेतून टेलिफोन केंद्राच्या बॅटरीचा सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह येतो, म्हणून घरातली वीज गेली तरी साधा फोन चालतो. कॉर्डलेसचे तसे नाही. त्याचा बेस घरच्या विजेवर चालतो, आणि वीज गेली की बहुतेक संच मुके होतात. फायबरच्या जोडणीत तर फोनची वायर ज्या डब्यात लावायची तो डबाही विजेवरच असतो. तेव्हा बेस आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. तांब्याची लाइन असेल तर एक साधा दोरीचा फोनही जोडून ठेवावा.

फायबर घेणाऱ्यांनी डब्याला टेलिफोनचे भोक आहे का आणि ते चालू करून दिले आहे का, हे आधी विचारावे. ते नसेल तर कितीही भारी कॉर्डलेस आणला तरी तो नुसता शोभेचा.

आणखी एक गोष्ट. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावे लागते. जुन्या संचात साठवलेले मोबाइल नंबर शून्याविना असतील तर ते दुरुस्त करून घ्यावेत. संचाच्या यादीत नावे बहुधा इंग्रजी अक्षरांतच साठवता येतात. ज्या बुजुर्गांना ते अवघड जाते त्यांच्यासाठी एक ते नऊ या आकड्यांवर नेहमीच्या पार्ट्या बसवून द्याव्यात. एक दाबले की मालेगाव, दोन दाबले की सुरत.

‘डेक्ट’ म्हणजे काय

पूर्वीचे कॉर्डलेस साध्या रेडिओसारखे चालत. त्यातील कित्येकांचे बोलणे शेजारच्या संचावर किंवा रेडिओवर ऐकू येत असे. व्यापाऱ्याचा खरेदीचा भाव शेजाऱ्याच्या कानी जाणे म्हणजे काय, ते सांगायला नको. आजचे चांगले संच ‘डेक्ट’ या अंकीय पद्धतीचे असतात. युरोपात १९९२ साली तिचे मानक ठरले. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीतील प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने १९९० च्या दशकात याच तंत्रावर ‘कॉर्डेक्ट’ ही बिनतारी टेलिफोन पद्धत उभी केली होती. डेक्टमध्ये बोलणे सांकेतिक करून पाठवण्याची सोय असते, आणि त्याच्या लहरी वायफायच्या पट्ट्याबाहेर असल्याने घरातल्या इंटरनेटशी त्याचे भांडण होत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचांची मात्र वायफायशी आणि मायक्रोवेव्हशी खटपट होऊ शकते.

पॅनासोनिक, बीटेल, गिगासेट अशा नावांचे संच आपल्या बाजारात आलेले आहेत. नाव कोणतेही असो, डब्यावर ‘डेक्ट’ आणि १.८८ ते १.९० गिगाहर्ट्झ हा आकडा वाचून घ्यावा. भारतात कॉर्डलेस टेलिफोनला १ ऑक्टोबर २०१९ पासून दूरसंचार खात्याच्या टीईसी या संस्थेची तपासणी सक्तीची झाली, त्या प्रमाणपत्राचीही विचारणा करावी.

परदेशातून आलेला संच

आपल्यापैकी अनेकांचे मुलगे, भाचे, जावई बाहेर असतात आणि प्रेमाने फोन आणतात. अमेरिकेतल्या संचावर ‘डेक्ट ६.०’ असे लिहिलेले असते. हा आकडा मोठा म्हणून संच भारी, असे समजू नये. तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो, आणि भारतात १९२० ते १९८० हा पट्टा मोबाइलकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरींचा आहे. म्हणजे तुमचा घरगुती फोन मोबाइल कंपनीच्या वाटेत उभा राहतो. शिवाय त्याचा अ‍ॅडाप्टर बहुधा ११०-१२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टवर लावला की जळतो. आखातातून येणारा संच बहुतेक युरोपीय पट्ट्याचा असतो, तरी प्लग आणि डब्यावरचा आकडा पाहूनच वापरावा. वस्तू प्रेमाची असली तरी नियम सर्वांना सारखा.

हेडसेटचे चार मार्ग

सर्वांत जास्त फसगत येथे होते. मोबाइलचा ब्लूटूथ इअरफोन कोणत्याही कॉर्डलेसला जुळेल असे अनेकांना वाटते. तसे नाही. डेक्ट आणि ब्लूटूथ या दोन वेगळ्या भाषा आहेत. संचात ब्लूटूथची सोय मुद्दाम दिलेली असेल तरच ते जुळतात.

पहिला मार्ग स्वस्ताचा. काही कॉर्डलेस हँडसेटला बाजूला २.५ मिलिमीटरचे बारीक भोक असते. त्यात वायरीचा हेडसेट लावायचा आणि हँडसेट कमरेच्या पट्ट्याला किंवा सदऱ्याच्या खिशात अडकवायचा. वायर कमरेपासून कानापर्यंतच असते, टेबलाशी बांधून ठेवत नाही. मोबाइलची ३.५ मिलिमीटरची पिन त्यात जात नाही, हे लक्षात ठेवावे. लहान दुकानदाराला आणि कारागिराला हाच मार्ग पुरेसा आहे.

दुसरा मार्ग ब्लूटूथ असलेल्या कॉर्डलेसचा. यात बिनतारी हेडसेट जुळवता येतो, आणि काही संचांवर मोबाइलचा कॉलही घरच्या हँडसेटवर घेता येतो. असे संच थोडे आहेत. ब्लूटूथची धाव साधारण दहा मीटर, त्यामुळे वरच्या मजल्यावर गेल्यास आवाज तुटतो.

तिसरा मार्ग मोठ्या पेढीचा. पॉली, जी पूर्वी प्लँट्रॉनिक्स या नावाने ओळखली जात होती, आणि जाब्रा यांसारख्या कंपन्यांनी डेक्ट पद्धतीचे व्यावसायिक हेडसेट काढले आहेत. त्यांचा स्वतःचा बेस असतो आणि दुकान, गोदाम, जिना एवढा टापू ते सहज सांभाळतात. पण यातील पुष्कळसे हेडसेट टेबलावरच्या दोरीच्या फोनला जोडण्यासाठी असतात, कॉर्डलेस हँडसेटला नव्हे. फोन आला की रिसीव्हर उचलण्यासाठी ‘लिफ्टर’ नावाचा यांत्रिक हात वेगळा घ्यावा लागतो, नाहीतर टेबलापर्यंत धावावे लागते. किंमतही साध्या कॉर्डलेसच्या कित्येक पट असते. दिवसभर फोनवर बसणाऱ्या आडत्याला आणि दलालालाच तो परवडतो.

चौथा मार्ग म्हणजे लँडलाइनचे कॉल मोबाइलकडे वळवून मोबाइलचाच हेडसेट वापरणे. जुना नंबर पाटीवर आणि बिलावर तसाच राहतो, नवा संचही लागत नाही. मात्र मोबाइल दुकानाबाहेर गेला की दुकानाचा फोनही बाहेर गेला, हा त्यातला तोटा आहे.

हेडसेट घेताना एका कानाचा घ्यावा. दुसरा कान समोरच्या गिऱ्हाइकासाठी मोकळा हवा. “काय भाव शे?” असे कोणी विचारले आणि आपण ऐकलेच नाही, तर तो पुढच्या दुकानात जाईल. तोंडाजवळ येणारी माइकची दांडी असलेला हेडसेट गलक्यात अधिक स्वच्छ चालतो. टोपी घालणाऱ्यांना आणि ओढणी किंवा बुरखा वापरणाऱ्या भगिनींना डोक्यावरून जाणाऱ्या पट्टीपेक्षा कानाला अडकणारा किंवा मानेमागून येणारा प्रकार सोयीचा पडतो. एकच हेडसेट घरातील अनेकांनी वापरू नये, निदान कानाचा स्पंज तरी वेगळा ठेवावा.

बेसची जागा आणि बॅटरी

डेक्ट फोन आत सुमारे ५० मीटर आणि मोकळ्यावर ३०० मीटर चालतो असे कंपन्या सांगतात. आमच्या खान्देशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती, लोखंडी कपाटे, तिजोरी आणि पत्रे या आकड्याला जुमानत नाहीत. बेस गल्ल्याखाली किंवा कपाटाआड न ठेवता उंचावर आणि शक्यतो जिन्याजवळ ठेवावा. दोन हँडसेटचा संच घेतल्यास एक खाली आणि एक वर ठेवता येतो. इंटरकॉमवर फुकट बोलता येते आणि जिन्याखालून हाका मारणे थांबते.

हँडसेटमध्ये बहुधा दोन निकेल-मेटल हायड्राइड चार्ज होणारे सेल असतात. ते दमले म्हणून टॉर्चचे साधे सेल कधीही घालू नयेत. चार्जरवर ठेवले की ते गळतात, प्रसंगी फुटतात. नवे सेल त्याच जातीचे आणि त्याच मापाचे घ्यावेत, आणि बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचे सेल लागणारा संचच पसंत करावा.

भंगारात स्वस्त मिळणाऱ्या जुन्या सीडीएमए ‘वॉकी’ फोनच्या मोहात पडू नये. ती सेवाच बंद झाली आहे. सिमकार्डवर चालणारा टेबलफोन घ्यायचा तर तो फोर-जीचा आहे का ते पाहावे. नुसत्या टू-जी संचात जिओचे सिम चालत नाही.

पैसे देण्यापूर्वीची परीक्षा

दुकानदाराशी परत घेण्याची बोली आधीच करावी आणि पक्के बिल घ्यावे. संच घरी लावून, दुकान भर गर्दीत असताना, एखाद्या ओळखीच्या पार्टीला फोन करावा. हेडसेट लावून चालत चालत अंक वाचावेत: सात, साठ, सत्तर, उन्यासी, नवासी, पंधरा, पन्नास. समोरच्याने ते लिहून परत वाचून दाखवावेत. मग त्याने वाचावेत आणि आपण लिहावेत. जिन्यात, गोदामात, स्वयंपाकघरात हीच परीक्षा घ्यावी. जो संच यात उतरेल तो आपला, मग तो कोणत्याही नावाचा असो.

संच कितीही चांगला असला तरी एक शिस्त आपल्यालाच पाळायची आहे. अंक सांगताना ‘साठ, सहा शून्य’ असा फोडून सांगावा. ऑर्डर लिहून झाली की नग, भाव आणि ट्रान्सपोर्टचे नाव समोरच्याला परत वाचून दाखवावे, आणि तोच मजकूर मोबाइलवर लेखी पाठवावा. व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही. हेडसेटने हात मोकळा होतो तो याच कामासाठी. त्या हातात कलम नसेल, तर दोन हजारांचा फोन काय आणि वीस हजारांचा काय, साताचे साठ व्हायला वेळ लागणार नाही.